लाखीशचा वेढा, इ.स.पू. ७०१: एक लढाई, चार साक्षीदार

मूळपुरुष

बायबल आणि पुरातत्त्व या विषयावर मराठीत काही वाचायला गेलं की दोनच गोष्टी हाताला लागतात. एक तर नोहाचं तारू सापडल्याची अधूनमधून उगवणारी बातमी, नाहीतर 'सगळं थोतांड' असा एका ओळीत लावलेला निकाल. म्हणून या धाग्यात एकच घटना घेतो आणि तिच्यापाशीच थांबतो. नावं शक्यतो मराठी बायबलातली वापरतोय: अश्शूर म्हणजे असीरिया, बाबेल म्हणजे बॅबिलॉन, यरुशलेम म्हणजे जेरुसलेम.

इ.स.पू. ७०५ मध्ये अश्शूरचा राजा सर्गोन दुसरा मोहिमेवर असताना मारला गेला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा राजा रणात पडला म्हटल्यावर मांडलिकांच्या माना वर झाल्या. यहूदाच्या हिज्कीया राजाने खंडणी थांबवली. सर्गोनचा मुलगा सन्हेरीब याने आधी बाबेलकडची बंडाळी मोडली आणि ७०१ साली भूमध्य समुद्राच्या काठाने फौज खाली आणली. यहूदाची राजधानी यरुशलेम. तिच्या नैर्ऋत्येला साधारण ४० किलोमीटरवर लाखीश, राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. सन्हेरीबाने आपला तळ टाकला तो लाखीशपाशी.

या मोहिमेबद्दल चार ठिकाणांहून माहिती मिळते, आणि चौघांची जबानी सारखी नाही.

पहिला साक्षीदार बायबल. राजांचं दुसरं पुस्तक, अध्याय १८ आणि १९. तिथे आधी दोन-चार ओळींत अगदी रोखठोक हकीकत येते. हिज्कीया लाखीशला निरोप धाडतो की माझं चुकलं, तुम्ही परत फिरा, जो दंड लावाल तो भरीन. दंड ठरतो ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं. किक्कार म्हणजे ढोबळ मानाने ३० किलो धरा. मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा सोलून तो भरला जातो. यानंतर मात्र सूर पालटतो. अश्शूरचा सरदार तटाखाली उभा राहून इब्री भाषेत ओरडतो. दरबारी विनवतात, 'अहो, अरामी भाषेत बोला, तटावरची माणसं ऐकतायत.' तो म्हणतो, त्यांच्यासाठीच तर बोलतोय. मग यशया संदेष्ट्याचा धीर, राजाची प्रार्थना, आणि एका रात्री परमेश्वराचा दूत अश्शूरच्या छावणीत १,८५,००० माणसं मारतो. सन्हेरीब आपल्या राजधानीला, निनवेला परततो.

दुसरा साक्षीदार खुद्द सन्हेरीब. त्याच्या मोहिमांची बखर सहा बाजूंच्या भाजक्या मातीच्या स्तंभांवर कोरलेली आहे. त्यातला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हातभर उंचीचा, इ.स.पू. ६९१चा. टेलर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० साली तो निनवेत मिळवला. त्यात म्हटलंय की हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि त्याला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. पुढे खंडणीची यादी: ३० किक्कार सोनं, ८०० किक्कार चांदी, शिवाय हस्तिदंती पलंग, राजाच्या मुली, गायक, गायिका.

यरुशलेम घेतलं असं तो कुठेही म्हणत नाही. बाकी शहरांच्या बाबतीत 'घेतलं, जाळलं, लुटलं' हे त्याचं पालुपद असतं. इथे पाखरू पिंजऱ्यात घालून गाडी एकदम खंडणीवर येते.

आणि लाखीश? बायबल सांगतं की राजा लाखीशला होता. लाखीशचं काय झालं, हे सांगत नाही. सन्हेरीबाची बखर ४६ शहरं म्हणून मोकळी होते, लाखीशचं नावही घेत नाही. दोन्ही लेखी साक्षीदार ज्याबद्दल गप्प आहेत, ते सांगतो तिसरा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश उत्खननकार ऑस्टिन लेयार्डने निनवेत सन्हेरीबाचा महाल खणला. त्यातल्या एका दालनाच्या चारही भिंतींवर एकच लढाई कोरलेली निघाली. आता ही शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शहराच्या तटाला उतार भिडवलेला, त्यावरून ढुशी देणारी चाकांची यंत्रं वर चढतायत. तटावरून लोक पेटते पलिते आणि दगड फेकतायत. यंत्रात बसलेला एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओततोय, पेट घेऊ नये म्हणून. खाली तिरंदाज, त्यांच्या मागे गोफणवाले. वेशीतून माणसं बाहेर पडतायत. बैलगाडीवर बोचकी, त्यावर बायका-पोरं. तिघांना सुळावर चढवलंय. दोघांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलली जातेय. या सगळ्याच्या टोकाला राजा सिंहासनावर, आणि त्याच्यासमोर लेख: विश्वाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब सिंहासनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. राजाचा चेहरा मात्र नंतर कुणीतरी मुद्दाम फोडलाय. बहुधा इ.स.पू. ६१२ मध्ये, निनवे पडलं तेव्हा.

चौथा साक्षीदार माती. लाखीशच्या टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तो उतार आजही आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या भाषेत दमदमा म्हणा. हजारो टन दगड तटाशी ओतून केलेला. डेव्हिड उसिश्किन यांच्या चमूने १९७३ ते १९९४ या काळात इथे उत्खनन केलं. दमदम्याच्या नेमक्या समोर, तटाच्या आत, दुसरा ढीग निघाला. तो लाखीशकरांनी शहरातलीच माती आणि राडारोडा ओढून घातलेला: बाहेरचा तट पडला तर मागे आणखी एक आडोसा असावा म्हणून. त्याच भागात शेकड्यांनी लोखंडी बाणांची टोकं, गोफणगुंडे, लोखंडी साखळीचा तुकडा, आणि भोक पाडलेले मोठाले दगड, त्यातल्या काहींत जळक्या दोराचे अवशेष. उसिश्किन यांचं म्हणणं की साखळी आणि दोराला बांधलेले दगड तटावरून सोडून ढुशीयंत्रं अडवायचा प्रयत्न झाला असावा. वर सगळ्या शहरावर जळिताचा थर.

माझ्या मते बायबलच्या खरेखोटेपणाची चर्चा करायला ही सर्वात चांगली जागा आहे. इथे ग्रंथाला शिक्का मारायला किंवा खोडायला कुणी बसलेलं नाही. चौघांपैकी प्रत्येकजण सोयीचं बोलतो आणि गैरसोयीचं गाळतो. कोण काय गाळतोय ते बघत जायचं.

तिरकस_तात्या

थोडक्यात काय, दोन्ही बाजूंनी पत्रक काढलं आणि दोन्ही बाजू जिंकल्या.

लेख छान. पण १,८५,००० माणसं एका रात्रीत मारणारा देवदूत ज्या मजकुरात आहे, त्यातलं ३० किक्कार सोनं तरी का खरं मानायचं? एकाच हंडीतला भात आहे ना?

मूळपुरुष

तात्या, सोन्याचा आकडा दोन्हीकडे ३० आहे. एक नोंद यरुशलेमची, दुसरी निनवेची, आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. चांदीत ३०० आणि ८०० असा फरक पडतो, त्यावर खल चालूच आहे. शिवाय आपल्या राजाने माफी मागितली आणि देवाच्या दाराचं सोनं सोलून शत्रूला दिलं, हे कुठला भाट कौतुकाने रचेल? अशी नामुष्कीची ओळ मजकुरात टिकते तेव्हा ती जुन्या दरबारी नोंदीतून आली असण्याची शक्यता वाढते. देवदूताची कथा वेगळ्या जातीची आहे. बहुतेक अभ्यासक हे दोन मजकूर वेगवेगळ्या मुळांतून आलेले मानतात. हंडी एक, तांदूळ दोन.

गंमत म्हणजे तिसरीही कथा आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमध्ये ऐकलेली. सन्हेरीबाच्या सैन्यावर रात्री उंदरांची धाड आली, त्यांनी भाते, धनुष्याच्या दोऱ्या, ढालींचे पट्टे कुरतडले, आणि सकाळी फौज निःशस्त्र. यावरून काहींनी प्लेग काढला. मला तो ओढूनताणून वाटतो. पण ही मोहीम ठरल्यासारखी संपली नाही, ही कुणकुण इजिप्तपर्यंत होती एवढं नक्की.

स्थापत्यवाला

वेढ्यावर लिहिलंत आणि बोगद्यावर एक अक्षर नाही, हा अन्याय आहे. मीच लिहितो.

यरुशलेमचं पाणी गिहोन झऱ्याचं, आणि झरा तटाबाहेर. वेढा पडला तर शत्रू पाणी पिणार आणि आत लोक तहानेने मरणार. म्हणून झऱ्याचं तोंड झाकायचं आणि पाणी डोंगराच्या पोटातून शहराच्या आतल्या तलावात घ्यायचं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीयाने तलाव आणि पाट केल्याची एका ओळीची नोंद आहे. तो बोगदा आजही वाहता आहे. लांबी ५३३ मीटर. दोन टोकांमधलं सरळ अंतर ३२० मीटरच्या आसपास, पण बोगदा नागमोडी. एवढ्या लांबीत उतार किती? जेमतेम ३० सेंटीमीटर. आम्ही आज लेव्हल लावून पाइपलाइन टाकतो तरी ठेकेदार उलटा उतार देऊन मोकळा होतो, म्हणून हा आकडा वाचून मी गार पडलो.

खोदाई दोन्ही टोकांनी एकदम. टिकावाच्या खुणा भिंतीवर दिसतात आणि एका जागी त्यांची दिशा उलटते. तिथे दोन टोळ्या भेटल्या. भेटीच्या आधी दोन्हीकडून एक-दोन चुकीचे फाटे काढून सोडून दिलेले आहेत, म्हणजे आवाज ऐकू येत होता पण नेमका कुठून ते कळत नव्हतं. दिशा कशी राखली यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, चुनखडकात पाण्याने आधीच झिजवलेली भेग होती, तिचा माग काढत गेले. दुसरं म्हणतं, वर डोंगरावर उभं राहून हातोडे ठोकायचे आणि खालचे त्या आवाजाच्या रोखाने खणायचे. मला दुसरं पटतं. भेग असती तर फाटे चुकले नसते.

आणि शिलालेख! १८८० साली पोरं तिथे पाण्यात खेळत होती, त्यातल्या एकाला बाहेरच्या टोकाजवळ भिंतीवर अक्षरं दिसली. सहा ओळी. तीन हात खडक उरला असताना एकमेकांना हाका मारणारी माणसं ऐकू आली, मग टिकाव टिकावाला भिडला आणि पाणी १,२०० हात वाहत तलावात गेलं, असा मजकूर. डोक्यावरचा खडक १०० हात होता हेही लिहिलंय. राजाचं नाव नाही, देवाचं नाही, 'अमुकच्या आज्ञेने' नाही. माझी खात्री आहे की हे मुकादमाचं काम आहे.

जुई_पुणे

राजाचं नावच नाही, तर हिज्कीयाचा कशावरून?

स्थापत्यवाला

रास्त प्रश्न. २००३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या तुकड्यांचं कार्बन मापन केलं आणि छतावरच्या लवणस्तंभाचं युरेनियम-थोरियम. दोन्हींचा मेळ इ.स.पू. ७००च्या आसपास बसतो. हिज्कीयाच्या थोडा आधीचा असावा असं म्हणणारे उत्खननकारही आहेत, त्यामुळे 'बहुधा' लावून बोलावं.

अष्टागरकर

इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय. माझे सासरे-सासू आणि आईवडील सगळे अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, घरात अजून मराठी चालतं, मुलांचं मात्र 'आई, शाळेत सोड' एवढ्यावर अडलंय. इथून लाखीश गाडीने जवळच आहे, किर्यात गातच्या पुढे. आजूबाजूला द्राक्षमळे.

बोगद्यात मी मुलांना घेऊन गेलेय. झऱ्याच्या टोकाला पाणी मांडीपर्यंत येतं, पुढे पोटरीएवढं. रुंदी जेमतेम एका माणसाची, दोन्ही कोपर भिंतीला घासतात. मध्ये छत इतकं खाली येतं की उंच माणसाने मान वाकवूनच चालायचं. आणि शेवटाकडे अचानक छत खूप उंच होतं. गाइडने सांगितलं की त्या टोकाकडून खणणाऱ्यांची पातळी वर राहिली होती, म्हणून नंतर तळ खाली खणत न्यावा लागला. टॉर्च विझवून हात भिंतीवर ठेवला तर टिकावाचे तिरके ओरखडे बोटांना लागतात.

शिलालेख तिथे नाही हं. जागेवर नक्कल आहे. मूळ लेख १८९०च्या सुमारास कुणीतरी भिंतीतून कापून चोरला, त्यात त्याचे तुकडे झाले. तेव्हा तुर्की अंमल, म्हणून तो गेला इस्तंबूलच्या संग्रहालयात. इस्रायलने बरेचदा मागितलाय, तुर्कस्तानने दिलेला नाही.

आणखी एक सांगायला हवं. हा सगळा भाग सिल्वान या पॅलेस्टिनी वस्तीत येतो. स्थळाचा कारभार जी संस्था बघते ती तिथे ज्यू वस्ती वाढवण्याचंही काम करते. लोकांच्या घरांखालून बोगदे खणले जातात, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी होतात. इथल्या पुरातत्त्ववाल्यांमध्येही यावर उभे दोन तट आहेत. मी बोगद्यात आनंदाने जाते आणि बाहेर आल्यावर समोरची घरं दिसतात, ती नाहीत असं मला समजता येत नाही.

तिरकस_तात्या

ताई, प्रतिसाद फार आवडला. मुलांना मराठीत शिव्या शिकवा, भाषा टिकते. अनुभवाचे बोल.

वसईचा_वारा

आम्ही वसईचे कॅथलिक, यशया चर्चमध्ये ऐकतच लहानाचे मोठे झालो, पण २२व्या अध्यायातल्या एका ओळीचा अर्थ मला फार उशिरा उमगला. यशया यरुशलेमकरांना झापतो: तुम्ही घरं मोजलीत आणि तट बळकट करायला ती पाडलीत.

१९७०च्या दशकात नाहमान अविगाद यांना जुन्या शहरातल्या ज्यू मोहल्ल्यात एक भिंत सापडली. ७ मीटर जाड, ६५ मीटर लांबीपर्यंत उघडी केलेली. आणि ती चक्क घरांवरून गेलेली. तिच्या खाली त्याच काळातल्या घरांच्या भिंती कापलेल्या दिसतात. ज्या माणसाचं घर गेलं त्याला काय मिळालं असेल देव जाणे. रुंदीकरणात घर गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

यशयाचा राग मला आवडतो. दुसरे सगळे राजाच्या तयारीचं कौतुक करतात. हा एकटा म्हणतो की तुम्ही शस्त्रागाराकडे पाहिलंत, तलावाकडे पाहिलंत, ज्याने हे घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत.

जुई_पुणे

मला एक तांत्रिक शंका. लाखीशला जळिताचा थर आहे हे ठीक. पण तो ७०१चाच कशावरून? पुढे बाबेलच्या नबुखद्नेसराने पण लाखीश जाळलं होतं ना?

मूळपुरुष

जुई, याच मुद्द्यावर पुरातत्त्वात चाळीस वर्षं कुस्ती झाली.

लाखीशचं पहिलं मोठं उत्खनन जेम्स स्टार्की या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९३२ साली सुरू केलं. त्याला दोन जळके थर मिळाले, वरचा दुसरा आणि खालचा तिसरा. वरचा नबुखद्नेसराचा, इ.स.पू. ५८६च्या सुमाराचा, यावर वाद नव्हता. त्याच थरात वेशीजवळच्या खोलीत खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रंही मिळाली. एका पत्रात चौकीवरचा माणूस कळवतो की लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळांवर आमची नजर आहे, अजेका या शेजारच्या तटबंदीच्या शहराचे दिसत नाहीत. खालचा थर स्टार्कीच्या मते इ.स.पू. ५९७चा, म्हणजे दोन थरांत दहाएक वर्षांचं अंतर. जानेवारी १९३८ मध्ये यरुशलेमच्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला जाताना हेब्रोनजवळ त्याचा खून झाला. उत्खनन थांबलं.

अहवाल पुरा करायचं काम आलं त्याची सहकारी ऑल्गा टफनेल हिच्याकडे. तिने वर्षानुवर्षं खापरं लावली आणि १९५३च्या अहवालात आपल्या दिवंगत प्रमुखाच्या विरुद्ध मत दिलं. तिसऱ्या आणि दुसऱ्या थरातली मडकी एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की दहा वर्षांत एवढा बदल होणं शक्य नाही. खालचा थर सन्हेरीबाचा. मोठमोठे लोक तिच्या विरोधात होते. उसिश्किन यांच्या उत्खननाने तिचं म्हणणं खरं ठरवलं.

याचा फायदा फक्त लाखीशला झाला असं नाही. तिसऱ्या थरात मोठे रांजण आहेत, त्यांच्या कानांवर 'राजाचे' असा ठसा, वर चार पंखांचा भुंगेरा नाहीतर दोन पंखांचं सूर्यबिंब, आणि चारपैकी एका गावाचं नाव. एकट्या लाखीशला असे ठसे चारशेहून जास्त. टफनेलमुळे ते हिज्कीयाच्या काळाला टेकले, आणि आज यहूदात जिथे तो ठसा निघतो तिथे तो थर आठव्या शतकाच्या अखेरीजवळचा धरायला मोठा आधार मिळतो. तेल, दारू, धान्य जे काही राजाने साठवलं ते या रांजणांत. चारपैकी एक गाव कुठलं ते अजून कुणालाही सापडलेलं नाही.

गडप्रेमी_नाशिक

द्वारका पण समुद्रात सापडलीये, त्यावर का नाही लिहीत?

मूळपुरुष

लिहा ना. वेगळा धागा काढा, मी येतो वाचायला.

मुंबईकर_निनवेत

थोडं अवांतर, पण आपल्या गावाचं. लेयार्डने खणलेल्या वस्तू तराफ्यांवरून तिग्रिस नदीने बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईमार्गे लंडनला जात. अश्शूरचा राजा शाल्मनेसर तिसरा याचा काळा स्तंभ, ज्यावर इस्राएलचा येहू राजा जमिनीला कपाळ टेकवून मुजरा करताना दिसतो, तोही मुंबईवरून गेलाय. मुंबईत पेट्या परस्पर उघडल्या गेल्या आणि लोकांनी वस्तू हाताळून पाहिल्या, म्हणून लेयार्ड चांगलाच चिडला होता. काही अश्शूरी शिल्पपट्ट तर मुंबईतच राहिले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन बघा. लाखीशचे नाहीत ते, पण छिन्नीची तीच घराणेशाही: दाढीची एकेक गुंडी, दंडाचे स्नायू दोरखंडासारखे.

आणि सन्हेरीबाच्या बखरीत हिज्कीयाचं नाव १८५१ मध्ये ज्यांनी वाचलं, त्यातला हेन्री रॉलिन्सन १८२७ साली कंपनीचा कोवळा कॅडेट म्हणून मुंबईलाच उतरला होता.

तिरकस_तात्या

आता माझा ठेवणीतला प्रश्न. यात बनावट किती? पवित्र भूमीत पर्यटक जास्त आणि जुन्या वस्तू त्याहून जास्त असं ऐकून आहे.

मूळपुरुष

बाजारातून आलेल्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हा साधा नियम. वर जे जे सांगितलं त्यातलं बहुतेक खणतीतून किंवा जागेवरून आलेलं आहे. पण खणतीच्या जागेवरसुद्धा फजिती होते. लाखीशलाच एका फिरस्त्याला खापर सापडलं. त्यावर अरामी लिपीत 'दार्यावेशाचं २४वं वर्ष'. मार्च २०२३ मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने मोठी बातमी दिली. दोन दिवसांत कळलं की आदल्या उन्हाळ्यात एका तज्ज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना खापरावर कसं कोरत ते दाखवायला हे लिहिलं होतं आणि तिथेच टाकून दिलं होतं. खात्याने जाहीरपणे बातमी मागे घेतली.

याच्या उलट टोकाला हिज्कीयाचा मातीचा शिक्का. एलात माझार यांच्या यरुशलेममधल्या उत्खननातून आला, २०१५ मध्ये जाहीर झाला. नखाएवढा. 'यहूदाचा राजा आहाजपुत्र हिज्कीया' असा लेख, मध्ये पंख खाली वळलेलं सूर्यबिंब. पाठीमागे कागदपत्राला बांधलेल्या दोऱ्याचे वळ. हा पक्का. त्याच्याच जवळ आणखी एक तुटका शिक्का मिळाला, त्यावर यशयाचं नाव आणि पुढे तीन अक्षरं. एक अक्षर आणखी असतं तर 'संदेष्टा' असं वाचता आलं असतं, पण नेमका तिथेच तुकडा उडालाय. माझार यांना संदेष्टा यशया मोहात पाडत होता. मला वाटतं, तिथे थांबलेलं बरं.

अष्टागरकर

लाखीशच्या वेशीतल्या संडासाबद्दल कुणीच बोललं नाही अजून!

मूळपुरुष

ताई, तो मी तात्यांच्या भीतीने गाळला होता. वेशीतल्या एका दालनात देवस्थान निघालं. दोन वेद्या, त्यांच्या कोपऱ्यांवरची शिंगं मुद्दाम तोडलेली. आणि आत दगडी आसन, मध्ये भोक. हिज्कीयाने यरुशलेमबाहेरची पूजास्थानं बंद पाडली असं बायबल म्हणतं, म्हणून उत्खननकार सार गानोर यांचा अर्थ असा की देवस्थान कायमचं बाटवायला तिथे शौचकूप बसवला. तपासणीत तो कधी वापरलाच नव्हता असं निघालं, म्हणजे नुसता प्रतीकात्मक. काहींना ते आसन शौचकूप वाटतच नाही, आणि तारखेवरही हरकत आहे. मी साठ-चाळीस गानोर यांच्या बाजूने.

तिरकस_तात्या

यावर मी काहीही बोलणार नाही. इतिहासात नोंद व्हावी.

जुई_पुणे

शेवटी जिंकलं कोण हे सांगा आणि झोपू द्या.

मूळपुरुष

हिशेब मांडा. यरुशलेम वाचलं, हिज्कीया गादीवर राहिला. पण पश्चिमेकडचा सुपीक पट्टा गेला. सन्हेरीब सांगतो की ती गावं त्याने अश्दोद, एक्रोन आणि गझाच्या राजांना वाटून टाकली. त्यातल्या एक्रोनच्या राजाचं नाव पादी. १९९६ मध्ये एक्रोनला मंदिराचा शिलालेख निघाला, तो या पादीच्या मुलाने कोरवलेला. म्हणजे बखरीतलं ते नाव हवेतलं नव्हतं. लाखीश पुढे बराच काळ ओस पडलं.

सन्हेरीबाला यरुशलेम हवं होतं की वठणीवर आलेला मांडलिक, हा खरा प्रश्न. मांडलिक हवा असेल तर तो त्याला मिळाला. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पुढे सन्हेरीबाचा मुलगा आणि वारस एसर्हद्दोन याच्या यादीत दिसतो, निनवेच्या महालासाठी लाकूड आणि दगड पोचवणाऱ्या २२ राजांमध्ये. ज्या शहराला देवदूताने वाचवलं, त्याचा पुढचा राजा अश्शूरची वेठ वाहत होता. बायबल मनश्शेला मूर्तिपूजेबद्दल खूप झोडतं, या वेठीबद्दल अवाक्षर नाही.

आणि सन्हेरीब? बायबल म्हणतं की त्याच्या मुलांनीच त्याला देवळात मारलं. बाबेलच्या बखरीत इ.स.पू. ६८१ला मुलाने मारल्याची नोंद आहे. १९८० साली सिमो पार्पोला या फिनिश अभ्यासकाने एका अश्शूरी पत्रातून कटवाल्या मुलाचं नाव काढलं, अर्दा-मुलिस्सु. बायबलातला अद्रम्मेलेक तो हाच. फक्त बायबल वाचताना वाटतं की तो निनवेला परतला आणि लगेच मारला गेला. मध्ये वीस वर्षं गेली होती, आणि लाखीशचं दालन त्याने त्याच काळात कोरून घेतलं.

वसईचा_वारा

त्या दालनात यरुशलेमचं एकही चित्र नाही ना?

मूळपुरुष

नाही. महालात जे सापडलंय त्यात यरुशलेम म्हणून ओळख पटलेलं एकही नाही. घेतलं असतं तर लाखीशऐवजी तेच कोरलं असतं.